२५ हजारांत गाडीत घुमट घुमेल का?

घुमटकार | २१ एप्रिल २०२५, रात्री ९:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. म्हापसा ते वेर्णा रोजचं जाणं-येणं आहे. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तुम्ही घरात कमी आणि गाडीत जास्त असता, असं बायको म्हणते, आणि ते फारसं खोटं नाही. एवढा वेळ बसायचंच आहे तर गाणं तरी नीट ऐकू यावं.

गाडी २०१९ ची हॅचबॅक, मधलं मॉडेल. नाव सांगत नाही, सिग्नलला उभे राहा, पुढेमागे तीच दिसेल. कंपनीची ७ इंची स्क्रीन, चार दारांत चार स्पीकर. ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचे छोटे स्पीकर, नाहीत. आरशाच्या आतल्या बाजूच्या तिकोनी प्लास्टिकला जाळीचं नुसतं सोंग आहे, मागे काही नाही. स्क्रीन बदलायची नाही, कारण रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं तिच्यावर चालतात.

तक्रार अशी की अभिषेकीबुवा लावले की गळा ऐकू येतो, पण तबल्याचा डग्गा कुठे गेला ते कळत नाही. गेल्या चतुर्थीला आमच्या वाड्यावरची आरती मी रेकॉर्ड केली होती. तीत घुमट, म्हणजे आमचं मातीच्या भांड्याचं चर्मवाद्य, पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं, शामेळ (ढोल) आणि कासाळं (झांजा) एकमेकांत मिसळून नुसती खरखर. आवाज वाढवला की दार थरथरतं.

बजेट २५ हजार. घरी १५ सांगितलेत. एका दुकानात गेलो तर त्याने थेट १२ इंची सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) आणि '४,००० वॅट' छापलेला ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, पुढे केला. घेऊ का? की आधी स्पीकर?


डिकीत_बारा | २१ एप्रिल, रात्री १०:०२

पात्रांव, दुकानदार बरोबर बोलतोय. बेस पाहिजे ना? मग डिकीत बारा इंच टाका आणि विषय संपवा. माझ्या गाडीत आहे. मांडवीवरच्या अटल सेतूवर चढलो की पणजीला कळतं.


पेडण्याची_पोर | २१ एप्रिल, रात्री १०:१५

आणि भाजीच्या पिशव्या कुठे ठेवता?


डिकीत_बारा | २१ एप्रिल, रात्री १०:१७

मागच्या सीटवर. भाजी पण नाचते.


आरएमएसकाका | २२ एप्रिल, सकाळी ७:३०

घुमटकार, घाई करू नका. मी फोंड्याला असतो, वीस वर्षं हाच नाद आहे, धंदा नाही. त्यामुळे तुम्हाला काही विकायचं नाही.

पहिली गोष्ट, खोक्यावरचे वॅट वाचायचे नाहीत. तुमच्या स्क्रीनच्या माहितीत कुठेतरी '५० वॅट गुणिले ४' असं असेल. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. १४.४ ला २ च्या वर्गमुळाने भागा, १०.२ येतात. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहमने भागा. २६ वॅट. ही झाली कागदावरची कमाल मर्यादा, प्रत्यक्षात आवाज न फाटता १५ ते २० मिळतात. बाकीचे वॅट छापखान्यात तयार होतात. त्या ४,००० वॅटवाल्या ॲम्पचंही तेच. त्याच्या पाठीवरचे फ्यूज बघा. ३० अँपिअरचे दोन असतील तर ६० गुणिले १४, म्हणजे ८४० वॅट आत जाणार, आणि त्यातलेही बरेचसे नुसते तापण्यात जाणार. ४,००० बाहेर कुठून येतील? स्पीकर घेतानाही 'मॅक्स' किंवा 'पीक' सोडा, आरएमएस बघा, म्हणजे सतत पेलणारे वॅट. माझं इथलं नाव उगाच नाही.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. तुमचा डग्गा स्पीकरमुळे हरवलेला नाही, निदान फक्त स्पीकरमुळे नाही. तो दारामुळे हरवलाय. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तीच हवा ओढतो. घरच्या स्पीकरला मागे लाकडी पेटी असते, मागचा आवाज मागेच कोंडला जातो. गाडीत पेटी म्हणजे दार. तुमच्या दाराचं प्लास्टिक काढून बघा, आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं आहेत, वर पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला. मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढच्याला मारतो. खालचे सूर सगळ्यात आधी मरतात. वरचे राहतात. म्हणून घुमटाचा डबा होतो.

तेव्हा क्रम असा धरा. पुढच्या दोन दारांना डॅम्पिंग, म्हणजे थरथर दाबणारी आणि भोकं बुजवणारी चिकट शीट. मग पुढे चांगले कॉम्पोनंट, म्हणजे दारात वूफर आणि त्या तिकोनात वेगळा ट्वीटर. मागच्या दारांना हात लावू नका, तिथे मुलं बसतात, ती फोन बघतात. ॲम्प नंतर, पैसे उरले तर. सब सगळ्यात शेवटी. घुमट काही भूकंपाच्या सुरात वाजत नाही, नीट बसवलेला साडेसहा इंची त्याला पुरतो.


कोल्हापुरी_तडका | २२ एप्रिल, सकाळी ९:१०

आमच्याकडं या, निम्म्यात करून देतील. येताना काजू आणा.


शिरोड्याचो | २२ एप्रिल, सकाळी ११:४५

काकांचं सगळं बरोबर, पण दोन गोष्टी गोव्यात राहणाऱ्याने वेगळ्या बघायच्या.

साडेसहा इंची स्पीकर बसवताना मागचा चुंबक खिडकीच्या काचेला लागू नये म्हणून मध्ये रिंग घालतात. बरेच जण एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, कापून घालतात, कारण स्वस्त आणि लगेच होते. दारात पावसाचं पाणी असतं. एमडीएफ दोन पावसाळ्यांत भिजलेल्या पावासारखा फुगतो आणि स्क्रू हातात येतात. प्लास्टिकची तयार रिंग घ्या. नाहीच मिळाली तर मरीन प्लाय, त्यालाही रंग मारून. आणि स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली करून बघा. माझ्या मेव्हण्याने बघितली नव्हती.

दुसरं वायर. स्वस्त वायर बाहेरून तांब्याची आणि आतून ॲल्युमिनियमची असते. आमच्या खाऱ्या हवेत तिच्या टोकाला पांढरी पूड धरते, मग एक स्पीकर अधूनमधून गप्प होतो आणि माणूस स्पीकरला दोष देत बसतो. शुद्ध तांब्याची घ्या. चाकूने टोक खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं तर परत करा.

डॅम्पिंगमध्ये डांबरी शीट घेऊ नका. मे महिन्यात उन्हात गाडी लावलीत की वास येतो, घसरतेही. ब्युटाइल रबराची घ्या, वर ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली, २ मिलिमीटर.


पेडण्याची_पोर | २२ एप्रिल, दुपारी १:२०

दादा, पैसे घालण्याआधी फुकटचं करून बघा. स्क्रीनवरचा इक्वलायझर सपाट करा, लाउडनेस बंद, आवाजाचा तोल थोडा पुढे. आणि ती आरती गाडीत कशी पोचते? व्हॉट्सॲपवरून आलेली असेल तर आधीच निम्मी झालीय. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या, ब्लूटूथ नको.

मी गेल्या वर्षी सीटखालचा सब घेतला, आत ॲम्प असलेला, चपटा. बरा आहे. पण खरं सांगते, दारं केल्यावर त्याचा आवाज मी निम्म्यावर आणला. आधी दारं केली असती तर घेतला नसता.


निवृत्त_आवाज | २२ एप्रिल, सायंकाळी ६:०५

आम्ही 'एमिसोरा द गोवा', म्हणजे पोर्तुगीज काळातलं गोव्याचं रेडिओ केंद्र, ऐकत मोठे झालो. एक लाकडी रेडिओ, एक स्पीकर, अख्खा वाडा अंगणात. डग्गा ऐकू यायचा बरं का!


आरएमएसकाका | २२ एप्रिल, सायंकाळी ६:२०

आजोबा, यायचाच. लाकडी पेटी होती ना!


घुमटकार | २३ एप्रिल, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. ताईंनी सांगितलेलं करून बघितलं. पेनड्राइव्हने फरक पडला, कासाळं आता कासाळं वाटतात. दार मात्र तसंच थरथरतंय.

काका, एक शंका. दोन कॉम्पोनंट सेट बघितलेत. एकावर ८० वॅट आरएमएस लिहिलंय, दुसऱ्यावर ६०. महाग तो ८० वाला. तोच घ्यायचा ना?


आरएमएसकाका | २४ एप्रिल, सकाळी ७:१५

नाही! ८० वॅट म्हणजे तो एवढे सोसू शकतो. देणार कोण? तुमची स्क्रीन १८ देते. सध्या ॲम्प नाही, तेव्हा त्याच कागदावरचा सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघा, डेसिबलमध्ये असतो. ३ डेसिबल जास्त म्हणजे तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये. ९१ वाला स्पीकर १८ वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८८ वाल्याला ३६ लागतात. मात्र दोघांचाही आकडा १ वॅट आणि १ मीटरवर मोजलेला आहे ना ते बघा, काही कंपन्या २.८३ व्होल्टवर मोजून देतात, मग ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा आपोआप ३ ने फुगतो.

पडदा कागदी नको असं कोणी सांगेल. कागद वाईट नसतो, पण लेप न दिलेला कागद आपल्याकडच्या दमट हवेत मऊ पडतो. पॉलिप्रॉपिलीन घेतलंत तर चिंता नाही.


डिकीत_बारा | २४ एप्रिल, सकाळी ८:४०

शाळेत एवढं शिकवलं असतं तर मी पास झालो असतो.


घुमटकार | ११ मे, दुपारी ४:१५

झालं! हिशेब देतो, कारण असे धागे मी वाचतो तेव्हा नेमका हिशेबच कोणी देत नाही. कॉम्पोनंट ८,४००. ब्युटाइल शीट ३,८००, फक्त पुढची दोन दारं, बाहेरचा पत्रा आणि आतला दोन्ही. प्लास्टिकच्या रिंगा, तांब्याची वायर, कंपनीच्या प्लगला बसणारी जोडणी मिळून १,१००. मजुरी २,५००. एकूण १५,८००. वायर एकही कापली नाही. त्या जोडणीमुळे उद्या जुने स्पीकर परत बसवता येतात आणि वॉरंटीवाल्याला बोट ठेवायला जागा उरत नाही.

दार आता बंद होतं तेव्हाच कळतं. आधी पत्र्याचा आवाज यायचा, आता धप्प. शेजारच्याने विचारलं, नवी गाडी घेतली का?

पण एक गंमत झालीय. गळा आणि सतार इतकी स्वच्छ की अंगावर काटा आला, डग्गा मात्र आधीपेक्षा कमी! १५,८०० घालून?


पेडण्याची_पोर | ११ मे, दुपारी ४:३२

स्क्रीनवर आवाजाचा तोल पूर्ण डावीकडे न्या. बेस वाढला का?


घुमटकार | ११ मे, दुपारी ४:५०

वाढला! हे काय?


पेडण्याची_पोर | ११ मे, दुपारी ४:५५

एका दाराच्या वायरी उलट्या लागल्यात. एक पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे, दोघं मिळून बेस शून्य. दुकानात जायची गरज नाही. दीड व्होल्टचा सेल घ्या, स्पीकरच्या वायरी प्लगपासून सोडवून क्षणभर टेकवा. सेलचं अधिक स्पीकरच्या अधिकला असेल तर पडदा बाहेर येतो. ज्या बाजूचा आत जातो तिथली जोडणी फिरवा. क्षणभरच हं, धरून बसू नका.


घुमटकार | ११ मे, सायंकाळी ७:२०

उजवं दार होतं. फिरवलं. ताई, तुमच्या घरी चतुर्थीला नेवऱ्या पाठवतो.

घुमट आलं. संपूर्ण नाही, पण मातीचं भांडं आहे हे कळतं. बाबांना बसवून ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले आणि विचारलं, हा हात कोणाचा, आपल्या काशीचा ना? त्याचाच होता.


घुमटकार | २७ मे, रात्री ९:००

वाईट बातमी. यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळला, तुम्हाला माहीतच आहे. चार दिवसांपूर्वी ब्रेक मारला की ड्रायव्हरच्या दारात काहीतरी खळखळायला लागलं. नारळ हलवल्यासारखं. आज पायाखालची चटई उचलली तर खाली पाणी, हाताचं बोट बुडेल एवढं. कुबट वास आहेच. स्पीकर अजून वाजतायत. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, काचेचं रबर खराब असेल, कंपनीला विचारा.


शिरोड्याचो | २७ मे, रात्री ९:२५

रबराचा दोष नाही. दारात पाणी जाणं हे ठरवूनच केलेलं असतं. काचेवरून आलेलं पाणी रबराच्या फटीतून आत उतरतं, बाहेरच्या पत्र्यावरून खाली जातं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. काकांनी सांगितलेला तो पातळ प्लास्टिकचा कागद त्या पाण्याला गाडीच्या आत येऊ देत नाही. दोन प्रश्न. त्याने तो कागद परत लावला का? आणि तळाची भोकं शीटखाली गेली का?


घुमटकार | २८ मे, दुपारी १२:१०

आज सुट्टी टाकून स्वतः दार उघडलं. कागद नाहीच. फाडून फेकला असणार. वर शीट लावून मोठी भोकं बंद केलीत म्हणून कागद लागत नाही असा त्याचा हिशेब असावा, पण काचेच्या मोटरकडचं भोक उघडंच सोडलंय. आणि तळाला शीटची एक पट्टी अगदी कडेपर्यंत नेऊन तीनपैकी दोन भोकं बुजवलीत. पट्टी कापली तसं दारातून तांब्याभर पाणी आलं. स्पीकर वर होता म्हणून वाचला.

चूक माझीही आहे. तो काम करत होता तेव्हा मी समोर चहा पीत बसलो होतो.


आरएमएसकाका | २८ मे, दुपारी १:००

मीही सांगायला हवं होतं. शीटचं सांगितलं, कागदाचं राहिलं. आता असं करा. जाड पारदर्शक प्लास्टिक आणा, भाजीच्या पिशवीचं नव्हे. जुन्या कागदाच्या मापाने कापा. कडेने ब्युटाइलची दोरी मिळते, ती फिरवून चिकटवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालची कड पत्र्याच्या खाचेतून दाराच्या आत सोडा. बाहेर ठेवलीत तर पाणी कागदावरून घरंगळून थेट चटईवर येईल. छपराची कौलं एकावर एक कशी ठेवतात, तसंच.

चटई पूर्ण बाहेर काढून वाळवा, नुसता एसी लावून भागत नाही. खालचा फेल्ट ओला राहिला तर गणपतीपर्यंत अळंबी उगवतील.


घुमटकार | २ जून, रात्री ८:४५

दोन्ही दारं केली. दोरीला ३५० रुपये गेले. काल रात्रभर पाऊस होता, सकाळी चटई कोरडी. दाराखालून पाण्याची धार रस्त्यावर पडताना बघून कधी इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.


डिकीत_बारा | ३ जून, सकाळी १०:३०

एक विचारू? माझ्याही दाराला शीट लावलेली आहे. खळखळ ऐकू येत नाही, पण माझ्या गाडीत काहीच ऐकू येत नाही.


घुमटकार | १९ जुलै, रात्री १०:००

उरलेल्या पैशांतून ॲम्प घेतला. चार चॅनेलचा, छोटा, चॅनेलमागे खरे ४५ वॅट आरएमएस. ७,२०० आणि वायरी १,४००. आधीचे धरून २४,७५०. बायकोला अजून १५ च माहीत आहेत, कोणी तोंड उघडू नका.

या वेळी समोर उभा राहिलो. बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज. लाल वायर डावीकडून नेली आणि सिग्नलची उजवीकडून, नाहीतर इंजिनाबरोबर स्पीकरमधून शिट्टी येते म्हणतात. अर्थिंगला रंग खरवडून बोल्ट. माझ्या स्क्रीनला ॲम्पचे आउटपुट नाहीत, तेव्हा स्पीकरच्याच वायरी ॲम्पच्या हाय लेव्हल इनपुटला दिल्या. ॲम्प पुढच्या सीटखाली ठेवलाय, पण थेट जमिनीवर नाही. मेच्या अनुभवानंतर मी आता जमिनीवर डबासुद्धा ठेवत नाही. चार प्लास्टिकच्या पायांवर उभा आहे.

सगळ्यात मोठा फरक ॲम्पवरच्या एका छोट्या बटणाने पडला. ८० हर्ट्झच्या खालचं स्पीकरकडे जाऊच द्यायचं नाही. मला वाटलं बेस जाईल. उलट आवाज मोठा केला तरी पडदा फडफडत नाही आणि डग्गा ठाशीव लागतो. जे त्याला झेपत नव्हतं तेच त्याचा गळा धरत होतं.


कोल्हापुरी_तडका | २० जुलै, सकाळी ९:३०

ॲम्प नसलेल्यांसाठी: स्पीकरच्या वायरीत ४७० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर एका ओळीत जोडा. ४ ओहमला साधारण ८५ हर्ट्झच्या खालचं कमी करतो. काही रुपयांचं काम. काजू अजून आले नाहीत.


पेडण्याची_पोर | २० जुलै, सकाळी ११:००

आणि विम्याला कळवा. कंपनीकडून न आलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंची पॉलिसीत वेगळी नोंद लागते, किमतीच्या ४ टक्के प्रीमियम. नाहीतर चोरीला गेल्यावर मिळतं ते शून्य.


घुमटकार | ३१ ऑगस्ट, सायंकाळी ६:४०

गणपती झाले. दीड दिवसाचा होता, पाहुणे मात्र आज गेले.

एक कबुली द्यायचीय. आरतीच्या रात्री मांडीवर घुमट घेतलं, वाजवलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत ते जुनं रेकॉर्डिंग लावलं. लगेच कळलं. थापेच्या पहिल्या क्षणाला आवाज फाटतो तो गाडीत फाटत नाही, फोनमध्येच फाटलाय. मी गेल्या वर्षी वादकापासून दोन हातांवर फोन धरून बसलो होतो. चार महिने मी स्पीकरला जे विचारत होतो त्यातलं थोडं फोनला विचारायचं होतं.

यंदा फोन सात-आठ हात लांब खुर्चीवर ठेवला, रेकॉर्डिंगची पातळी खाली आणली आणि व्हॉट्सॲपवर न टाकता तसंच पेनड्राइव्हवर घेतलं. आज झुआरीच्या पुलावर लावलं. काशीने थाप मारून हात काढल्यावर मागे जो घुमारा राहतो ना, लांबत जाणारा, तो आला. बायको बाजूला होती. म्हणाली, १५ हजारांत बरं झालं. मी पुढे बघून गाडी चालवली.


निवृत्त_आवाज | ३१ ऑगस्ट, सायंकाळी ७:१०

ते रेकॉर्डिंग मला पाठवा. अंगणात लावतो.


डिकीत_बारा | १ सप्टेंबर, सकाळी ८:२०

मी सब विकायला काढलाय, दारं करणार. सध्या एकच अडचण, बेस आला की मागची नंबरप्लेट वाजते. त्यावर कुठली शीट लावू?


आरएमएसकाका | १ सप्टेंबर, सकाळी ८:३५

शीट नको. प्लेट काढा, मागे फोमची पट्टी चिकटवा, परत आवळा. वीस रुपये.